पंगतीचा तास: एका द्विशिक्षकी शाळेतल्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन: मुख्याध्यापक सर आणि मी. स्वयंपाकाला एक मावशी. या वर्षी पोषण आहाराचा पाऊण तास हा शिकवण्याचाच तास धरायचा, असं आम्ही ठरवलं. दुसऱ्या कुठल्या शाळेत कुणी हे करायला घेतलं तर आमच्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून या नोंदी. वहीत जसं लिहिलं तसंच ठेवलंय, मुलांची नावं तेवढी काढली आहेत.

१६ जून, सोमवार

प्रवेशोत्सव झाला, पहिलीत नऊ मुलं आली. दुपारी धान्याची कोठी उघडली. उन्हाळ्यात बंद असलेल्या एका पोत्यात तांदळाला जाळी धरली होती. चाळून ऊन द्यायला हवं, पण ऊन कुठलं! मावशींनी तांदूळ व्हरांड्यात पसरून दोनदा चाळला, निवडला. त्यात सगळी दुपार गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच उरलेला तांदूळ वाळवून कोरड्या पिंपात भरायचा, हे कोठीच्या दारावर खडूने लिहून ठेवलं.

रात्री घरी तक्ता करायला बसले. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे, प्रत्येकासमोर चित्रं. जाड कागद, रंग, चिकटपट्टी मिळून २८० रुपये आणि दोन रात्री.

२० जून, शुक्रवार

चौथीच्या मुलांना तक्ता दोन-तीन दिवसांत पाठ झाला. "डाळीतून काय मिळतं?" विचारलं की एका सुरात "प्रथिनं!" आणि त्याच मुलांनी दुपारी मटकीची उसळ ताटाच्या कडेला सारून नुसता भात खाल्ला. "प्रथिनं!" सगळ्यात मोठ्याने म्हणणाऱ्या मुलाच्या ताटात मटकीचा ढीग होता.

तक्ता भिंतीवर आहे, राहू दे. पण दोन रात्री वाया गेल्या हे नोंदवून ठेवते. नवीन कुणी करणार असेल त्याने तक्त्यापासून सुरुवात करू नये.

२४ जून, मंगळवार

उरतं काय आणि किती, हे आधी कळायला हवं. बाजारातून ४५० रुपयांचा वजनकाटा आणला, पाच किलोपर्यंत तोलणारा. उष्ट्याची बादली रोज मोजायची.

आमचा हिशेब असा: प्राथमिकच्या मुलाला रोजचे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं योजनेत धरलंय. मे महिन्यापासून तांदूळ सोडून बाकी खर्चाला ताटामागे ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. आज हजर ३७. म्हणजे तांदूळ ३ किलो ७००, डाळ ७४० ग्रॅम, भाजी १ किलो ८५०. भाजीचा आकडा कागदावर बरा दिसतो. आमच्याकडे आठवडी बाजार पावसात निम्मा बसतो आणि भाजी म्हणजे बटाटा, टोमॅटो, कांदा, कधी कोबी.

२८ जून, शनिवार

मूगडाळ खिचडीच्या दिवशी ६४० ग्रॅम उष्टं. मटकीची उसळ आणि भात, २ किलो ३००. सोयावडी पुलाव, १ किलो ९००. वाटाणा पुलाव १ किलो १००. म्हणजे ज्यात प्रथिनं जास्त, तेच बादलीत जास्त.

याच आठवड्यात परसबाग धरली. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून वाफे केले. मेथी, कोथिंबीर, पालक पेरला. बियाणं ३४० रुपये.

१ जुलै, मंगळवार

आज माझी मोठी चूक झाली. ती सविस्तर लिहिते.

गेल्या आठवड्यापासून मी वर्गवार उष्टं मोजून फळ्यावर लिहायला लागले होते. ज्या वर्गाचं सगळ्यात कमी, त्याला चांदणी. बादली दोन दिवसांत हलकी झाली आणि मला वाटलं, जमलं. आज दुपारनंतर दुसरीतल्या एका मुलीकडे पेन्सिल मागितली. ती कंपासपेटी उघडेना. मी हातात घेऊन उघडली. आत चार सोयावड्या, खोडरबराशेजारी नीट ओळीने ठेवलेल्या. पेन्सिलींना तेल लागलेलं, पट्टीवर हळदीचा डाग. तिला त्या गिळवत नव्हत्या आणि तिच्यामुळे दुसरीची चांदणी गेली असती.

मग सगळ्यांना जवळ बसवून विचारलं, तेव्हा कळलं की दोघं-तिघं कुत्र्याला घालत होते, आणि बरीच मुलं उरेल या भीतीने आधीच कमी वाढून घेत होती. कमी खाणारं मूल अजून कमी खायला लागलं होतं. मी मोजत होते उष्टं, मोजायला हवं होतं पोटात गेलेलं.

चांदण्या पुसल्या. मुलीची माफी मागितली. बादली आता मुलं वर्गात गेल्यावर मावशी आणि मीच तोलतो आणि आकडा या वहीबाहेर जात नाही.

३ जुलै, गुरुवार

कंपासपेटीवरून आणखी एक प्रश्न डोक्यात आला होता: ही मुलं सकाळी काय खाऊन येतात? प्रत्येकाला एकेकटं विचारलं, घोळक्यात नाही. हजर ३७. चौदा जणांनी फक्त कोरा चहा घेतला होता. नऊ जणांनी चहा आणि बटर. उरलेल्या चौदांनी भाकरी किंवा रात्रीचा भात.

भाताच्या आवणीचे दिवस आहेत. आईबाप उजाडायच्या आत खाचरात जातात, चूल उशिरा पेटते. म्हणजे जी मुलं साडेबारापर्यंत पेंगतात, भांडतात, पोट दुखतं म्हणून रडतात, ती आळशी नाहीत, भुकेली आहेत. आमच्या शाळेत जेवण एकला. अकरा वर्षं मी दहा ते एक या वेळात त्यांना गणित शिकवतेय.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतलं वाक्य मी प्रशिक्षणात कितीदा वाचलंय. ती मुलं सहा वर्षांची होऊन माझ्याच वर्गात येतात, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

५ जुलै, शनिवार

परसबाग गेली. भिंतीला लागून वाफे केले म्हणजे थेट पागोळ्यांखाली केले. तीन दिवसांच्या पावसात कौलांवरून पडणाऱ्या धारांनी मेथी उघडी पडली, पालक कुजला, उरलेली कोथिंबीर शेळ्यांनी खाल्ली. ३४० रुपये आणि मुलांनी खणायला घातलेले दोन शनिवार गेले. आमच्या भागात जुलैत मेथी-पालक धरायचाच नाही, हे गावातली कुणीही बाई सांगू शकली असती. मी कुणाला विचारलं नव्हतं.

७ जुलै, सोमवार

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. सकाळच्या जेवणाचे आकडे वाचून दाखवले, नावं न घेता. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक आजोबा म्हणाले, "आमच्या येळंला तर दुपारी पण नव्हतं काही, पण म्हणून पोरांना का उपाशी बसवायचं?" ठराव झाला: आवणी संपेपर्यंत जेवण बाराला. मावशींना एक तास आधी यावं लागणार. त्यांना महिन्याला २५०० रुपये मानधन, आणि त्यांचीही आवणी सुरू. त्या तयार झाल्या, पण समितीतल्या दोन बायकांनी आळीपाळीने पाणी भरून द्यायचं आणि भाजी चिरायला बसायचं कबूल केल्यावरच. हा भाग ठरावात लिहून घेतला. मदत तोंडी राहिली की आठ दिवसांत विरते.

आठवड्याची लोहाची गोळीसुद्धा आता जेवणानंतरच. आधी सकाळी हजेरीनंतर देत होतो. रिकाम्या पोटी दिल्यामुळेच मुलांना मळमळायचं आणि ती गोळी गुपचूप थुंकायची.

८ जुलै, मंगळवार

आजपासून मी पंगतीत जेवते. आजवर ऑफिसात माझा डबा खाता खाता नोंदवह्या भरायचे. चवीची नोंद करायला चमचाभर खाऊन सही करायचे, तेवढाच माझा त्या अन्नाशी संबंध.

पहिल्याच दिवशी पहिलीच्या मुलांजवळ बसले. वरण-भात होता. माझ्या ताटात आलं ते हळदीचं पाणी. डाळ औषधाला नाही. शेजारच्या मुलाच्या ताटातही तेच. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला, चौथीच्या ताटात, घट्ट वरण आणि बटाट्याच्या फोडी. वाढायला सुरुवात पहिलीपासून होते, आणि गाळ पातेल्याच्या तळाशी राहतो. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्या सहा वर्षांच्या मुलांना रोज वरचं पाणी मिळत होतं. डाळ मोजून घातली जात होती, नोंद बरोबर होती, चवीची सही माझी होती.

मावशींना दाखवलं. त्यांना फार लागलं. "मी तर बारक्यांना आधी मिळावं म्हणून त्यांच्यापासून वाढते हो बाई," म्हणाल्या.

९ जुलै, बुधवार

उपाय सोपा निघाला. लांब दांड्याचा डाव आणला, १६० रुपये. दर पाच ताटांनंतर तळापासून ढवळायचं. आणि डाळ आधी कमी पाण्यात शिजवून घोटून घ्यायची, पाणी मागाहून. आता पहिल्या आणि शेवटच्या ताटात फरक दिसत नाही. एवढ्या सगळ्या खटाटोपात इतका स्वस्त आणि इतका मोठा बदल दुसरा नाही. दुसरं काही केलं नाही तरी चालेल. एक दिवस पंगतीत पहिल्या मुलाशेजारी बसून त्याच्या ताटातलं जेवा.

११ जुलै, शुक्रवार

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी विषय काढला: पोषण आहाराच्या वेळात तुम्ही काय करता? बहुतेकांचं उत्तर एकच, नोंदी. तांदळाचा साठा, रोजची संख्या ऑनलाइन भरणं, भाजीची बिलं, चव नोंदवही. एक बाई कळकळीने म्हणाल्या, "तांदळाचा हिशेब दोन किलो चुकला की नोटीस येते. पोरगं उपाशी राहिलं तर कुणी विचारत नाही. मग लक्ष कुठे जाणार?" त्यांचं म्हणणं खरं आहे. शिक्षक या योजनेला कंटाळलेत, असं बाहेरचे लोक म्हणतात. शिक्षक हिशेबाला कंटाळलेत. जेवणाला नको म्हणणारा एकही जण त्या खोलीत नव्हता.

निवृत्तीला आलेल्या एका सरांनी जुनी गोष्ट सांगितली. १५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं; ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. "पोरगं आजारी असलं तरी हजेरीला आणून बसवायचे. हजेरी हुकली की ते मूल रडायचं, घरचे तांदूळ आपल्यामुळे गेले म्हणून." शाळेत शिजवून द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ च्या नोव्हेंबरचा. सर म्हणाले, "पिशवीतून गेलेला तांदूळ घराचा व्हायचा. ताटातला भात मुलाचा झाला."

हे वाक्य मी तिथेच वहीत उतरवून घेतलं.

१५ जुलै, मंगळवार

मटकीला मोड आणण्याचा प्रयोग फसला. मुलांना मोड येताना दिसावेत म्हणून मी पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात भिजवलेली मटकी झाकण लावून वर्गात ठेवली. दुसऱ्या दिवशी बुळबुळीत, तिसऱ्या दिवशी वास. दीड किलो मटकी टाकावी लागली. साठ्यातली असल्याने ती माझ्या पैशांनी भरून दिली, १५० रुपये.

मावशींनी डबा उघडून नुसता वास घेतला. "कोंडली ना हो. तिला वारा पायजे आन ऊब पायजे. पावसाचं एका रात्रीत मोड येत न्हाईत." त्यांची पद्धत अशी: सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी दोनदा धुऊन सगळं पाणी निथळू द्यायचं, सुती फडक्यात सैल बांधून चुलीच्या वरच्या खुंटीला टांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा धुवायची, पुन्हा टांगायची. तिसऱ्या सकाळी बोटाच्या पेराएवढे मोड.

१८ जुलै, शुक्रवार

मटकीचा तास मावशींनी घेतला. स्वयंपाक उरकून, हात पुसून त्या तिसरी-चौथीच्या वर्गात आल्या, खुर्चीवर बसेनात, जमिनीवरच बसल्या. गाठोडं सोडलं. प्रत्येकाच्या तळहातावर चार दाणे. "ह्यो दाणा झोपला व्हता, पाणी लागलं, जागा झाला." मोड कुठून फुटतो, टरफल कसं सुटतं हे मुलांनी नखाने उकलून बघितलं. कच्चे दाणे दोघांनी खाऊन टाकले. मग एकाने विचारलं की मोड आल्यावर वजन वाढतं का? आम्ही तोललं. १०० ग्रॅम कोरडी मटकी भिजून मोड आल्यावर २१० ग्रॅम भरली. वजन वाढलं ते पाण्याचं, हे चौथीतल्या मुलीने स्वतः सांगितलं.

त्या दिवशी उसळीचं उष्टं ७०० ग्रॅम. जूनमध्ये २ किलो ३०० होतं.

२१ जुलै, सोमवार

परसबाग दुसऱ्यांदा. या वेळी आधी गावातल्या बायकांना विचारलं. पागोळ्यांपासून आठ फूट लांब, उंच गादीवाफे, कडेने चर. हात धुण्याचं पाणी वाहून जातं त्या चरात अळूचे कंद. वाफ्यांवर माठ आणि आंबाडी. कुंपणाला दोडका आणि वाल. जाळी १,१०० रुपये; ते सरांनी आणि मी निम्मे निम्मे घातले.

बियाणं या वेळी विकत आणलं नाही. राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे आमच्याच तालुक्यात आहे. गावरान बियाण्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाल्यापासून इकडच्या बायका आपापल्या गाडग्यांतलं बी अभिमानाने दाखवतात. मुलांना सांगितलं, घरून मूठभर बी आणा आणि नाव विचारून या. वालाचेच पाच रंगांचे दाणे आले. नावं कागदावर लिहून पुड्या केल्या.

२६ जुलै, शनिवार

श्रावण लागला. मी उत्साहात रानभाज्या आणून शिजवायचं ठरवलं. कुर्डू, टाकळा, चाईचा मोहर, सगळं भोवती उगवलेलं, फुकट. मावशींनी साफ नकार दिला. "घरी मी डोळं झाकून करीन. हितं चाळीस लेकरं हायेत. एक चुकीचं पान आलं तर?" मी थोडा वाद घातला, आणि बरं झालं त्या बधल्या नाहीत. रानात मुलांनी खुडून आणलेल्या जुडीत काय काय येईल, याची जबाबदारी कोण घेणार?

त्याऐवजी आज आज्यांना बोलावलं. सहा जणी आल्या, आपापल्या ओळखीची भाजी घेऊन. पानं ओळखायची, नाव सांगायचं, कशी करतात ते सांगायचं. शिजवणं घरी. एका आजीने सांगितलं की टाकळा कोवळा असतानाच खायचा, फुलावर आला की नाही. मुलं शाळेत शिकून घरी जाऊन सांगतात असं आपण म्हणतो. आज घरचं शिकणं शाळेत आलं.

४ ऑगस्ट, सोमवार

एका पालकांची तक्रार: "पोरांना स्वयंपाकाला लावता काय?" झालं होतं असं की तिसरी-चौथीची मुलं सकाळी तांदूळ-डाळ तोलायला मावशींना मदत करत होती. ग्रॅम-किलोचं गणित त्यांना पुस्तकातून महिनाभरात जमलं नव्हतं, ते आठ दिवसांत जमलं. आज हजर ३४, मग तांदूळ किती? ३ किलो ४००. तोंडपाठ. पण तोलणाऱ्यांत मुलीच पुढे होत्या आणि एक-दोनदा त्या चुलीपर्यंत गेल्या, हे खरं होतं. तक्रार रास्त होती.

नियम केले: तोलणं फक्त व्हरांड्यात, चूल पेटायच्या आधी, हजेरी क्रमांकाने, मुलगे-मुली दोघं. चुलीच्या खोलीचा उंबरठा मुलांनी ओलांडायचा नाही. पालकांना एक दिवस बोलावून दाखवलं. त्यांनीच मग आडव्या फळीचं टेबल करून दिलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सोयावडी. कंपासपेटीतली मुलगी मला विसरता येत नाही. पंगतीत मी खाल्ल्यावर कळलं, ती रबरासारखी चिवट आणि उग्र वासाची लागत होती. वड्या कोरड्याच पुलावात जात होत्या. आता कढत पाण्यात पंधरा मिनिटं, मग पिळायच्या, पुन्हा साध्या पाण्यातून पिळायच्या, प्रत्येकीचे दोन तुकडे करून मसाल्यात परतायच्या. वेळ वीस मिनिटं जास्त, सरपण थोडं जास्त. उष्टं १ किलो ९०० वरून ८०० वर. त्या मुलीने तीन तुकडे खाल्ले, चौथा ठेवला. ठेवू दिला.

१८ ऑगस्ट, सोमवार

अंड्याचा प्रश्न. २०२३ च्या नोव्हेंबरपासून राज्याने आठवड्यातून एक अंडं दिलं होतं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला. लोकसहभागातून द्यायचं असेल तर द्या, असं झालं. बुधवारी अंडी असायची तेव्हाची बुधवारची हजेरी आणि आताची, आमच्याच हजेरीपटात फरक दिसतो. ज्या गावात चौदा मुलं कोऱ्या चहावर येतात तिथे लोकसहभागावर अंडं सोडणं मला पटत नाही, आणि हे मी शिक्षण परिषदेतही बोलले.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही म्हणून मुलाच्या वाढदिवसाला केकऐवजी सगळ्यांना अंडी, असं सुचवलं. आज पहिली वेळ. ३६ मुलं, २९ अंडी, सात रुपयांप्रमाणे २०३ रुपये, आणि माळकरी घरच्या सात मुलांना केळी. पण इथेही चुकायला आलं होतं: ज्यांना परवडणार नाही त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाचं काय? म्हणून देणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, पैसे समितीकडे द्यायचे, तारीख समिती ठरवेल. महिन्यातून दोनदा जमेल असं दिसतंय. आठवड्याला एक नाही जमणार.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

अळूचा पहिला तोडा, आणि फजिती नव्हे, चांगलंच दुखणं. मावशी आजारी होत्या, बदली बाई आल्या. अळू डाळीत घातलं, चिंच घातली नाही आणि घाईत अर्धवट शिजलं. अकरा मुलांच्या घशाला खाज सुटली. माझ्याही. गूळ चघळायला दिला, ताक मागवलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन केला, पालकांना निरोप धाडले. तासाभरात सगळी बरी झाली. पण वाढायच्या अर्धा तास आधी चव घ्यायचा नियम आहे, आणि आज मी केंद्राची माहिती भरत बसले होते म्हणून पंगतीतच पहिला घास घेतला. नियम याचसाठी आहे. चव न घेता ताट वाढलं जाणार नाही, माहिती उशिरा गेली तर जाऊ दे.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुलं तीन आठवडे अळूला शिवत नव्हती. मावशींनी आज पुन्हा केलं: देठं सोलून, पानं बारीक चिरून, भरपूर चिंच, गूळ, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, आणि घोटून घोटून. आधी स्वतः सगळ्यांसमोर वाटीभर खाल्लं, मग मी, मग सर. मग चौथीतला एक मुलगा उठला. अर्ध्या पंगतीने खाल्लं. उरलेल्यांना आग्रह केला नाही.

माठ आणि आंबाडी मात्र चालली. आंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली की मुलं वास घेत व्हरांड्यात येतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

परसबागेचा खरा हिशेब. सप्टेंबरभरात सगळी मिळून सहा किलो भाजी निघाली. आम्हाला आठवड्यालाच नऊ किलोच्या वर लागते. म्हणजे परसबागेतून शाळेचं जेवण भागेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; निदान आमच्या दीड गुंठ्यात तरी नाही. पण स्वतः खुडलेला माठ ताटात उरत नाही. सप्टेंबरात सोळा दिवस जेवण झालं, त्यात पालेभाजीच्या पाच दिवसांचं उष्टं एकदाही ५०० ग्रॅमच्या वर गेलं नाही.

आजवरचा रोख खर्च: तक्ता २८०, काटा ४५०, पहिलं बियाणं ३४०, डाव १६०, मटकी १५०, जाळी १,१००. एकूण २,४८०. यातले ७७० रुपये निव्वळ माझ्या चुकांचे.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळचं जेवण पुन्हा विचारलं, एकेकट्याला. आवणी केव्हाच संपली आहे. हजर ३८, कोऱ्या चहावर आलेली सहा. कमी झाली, पण संपली नाहीत. जेवण आता पुन्हा एकला गेलंय, कारण मावशींना सकाळी नाचणीच्या शेतात जायचं असतं. त्या सहा जणांसाठी दहा वाजता काही करता येईल का, यावर समितीत बोलणं झालं. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ सुचलं. द्यायचं तर सगळ्यांना, सहा जणांना वेगळं काढून नाही. त्याचा महिन्याचा खर्च काढून दिवाळीनंतरच्या बैठकीत ठेवायचा आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा आठवडा. कुंपणावरच्या वालाला आज पहिले तुरे दिसले, जांभळे. मुलांना वाटलं होतं दिवाळीपर्यंत शेंगा खायला मिळतील. मावशी म्हणाल्या, "दिस बारका झाला की वाल फुलतो, घाई करत न्हाई तो." शेंगा डिसेंबरात.

पाऊस गेलाय, त्यामुळे सुट्टीत पाणी घालायला लागेल. हात धुण्याचं पाणी सुट्टीत नसतं, म्हणून अळूला वेगळं. तिसरी-चौथीच्या मुलांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला दोन दिवस, यादी कोठीच्या दारावर. जोड्यांत कंपासपेटीतली ती मुलगी नव्हती, कारण ती दुसरीच्या वर्गात आहे. ती यादीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझं नाव कुठाय?" तिचं नाव खाली लिहिलं, तिच्या मोठ्या भावाबरोबर, २३ आणि २४ तारखेला.